अस्मानी किती आणि सुलतानी किती?

आपल्या पूर्वजांनी संकटाचे दोन भाग केले होते: एक अस्मानी आणि दुसरे सुलतानी. आकाशातून येते ते अस्मानी, आणि राज्यकर्त्यांच्या हातून किंवा हयगयीमुळे येते ते सुलतानी. हा भेद ज्यांनी केला त्यांस न छापखाना ठाऊक होता, न कायद्याची पुस्तके. परंतु राज्यकर्त्याचा जाब कोठपर्यंत विचारावा हे त्यांस नेमके कळत होते. आज मात्र असा प्रकार दिसतो की, पूर आला, दरड कोसळली, गावे बुडाली की जे जे काही घडले ते सर्व अस्मानीच्या खाती मांडावयाचे, आणि पाणी ओसरल्यावर जे चार दाणे वाटले जातात तेवढे मात्र सरकारच्या पुण्याईच्या खाती जमा करावयाचे. हा हिशेब खोटा आहे. कोणताही व्यापारी आपल्या वहीत अशी नोंद खपवून घेणार नाही. मग लोकांनी आपल्या राज्याच्या वहीत ती का खपवून घ्यावी, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

उदाहरण दूरचे घेण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांनी सांगली व कोल्हापूर ही दोन शहरे आणि त्यांच्या भोवतालची शेकडो गावे जलमय केली. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या मापावर इशाऱ्याची पातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राजमार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद पडला. लक्षावधी माणसे घरेदारे सोडून शाळांतून आणि मंगलकार्यालयांतून राहिली. पाऊस असामान्य होता, ह्याविषयी वाद नाही. धरणांच्या पाणलोटात थोड्या दिवसांत जे पाणी पडले ते अलीकडच्या आठवणीत पडले नव्हते, हेही खरे. अस्मानीचा हा जो वाटा आहे तो आम्ही पुरता मान्य करतो, आणि येथून पुढे राहिलेल्या वाट्याचा विचार करतो.

पूर म्हणजे भूकंप नव्हे. किल्लारीस १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे धरणी हादरली तेव्हा झोपलेल्या माणसांस उठून बसण्याचीही उसंत मिळाली नाही. कृष्णेचे तसे नाही. कोयनेच्या दारातून सुटलेले पाणी सांगलीच्या घाटास लागावयास कित्येक तास लागतात. पाणी फुटाफुटाने चढते, आणि ते मोजण्यासाठी पुलावर माप कोरलेले असते. शिवाय हा काही पहिला प्रसंग नव्हता. २००५ सालच्या पुरात ह्याच पुलाखाली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. कोणत्या गल्लीत ते प्रथम शिरते, कोणते गाव चोहोंकडून वेढले जाते, कोणता रस्ता तुटतो, हे त्या वेळीच सर्वांस कळून चुकले होते. चौदा वर्षांचा अवधी मिळूनही पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळसारख्या गावी, पाणी वेढणार हे ठाऊक असता, पुरेशा सरकारी नावा वेळेवर पोहोचल्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या एका नावेत क्षमतेहून अधिक माणसे बसली, आणि ८ ऑगस्ट रोजी ती नाव उलटून डझनाहून अधिक माणसे, त्यांत बायका व मुले, बुडून मेली. त्यांस पाण्याने मारले हे खरे. परंतु त्यांस त्या नावेत बसावयास कोणी लावले? ज्याच्यापुढे दुसरा उपायच ठेविलेला नाही, त्याने भलते साहस केले असे म्हणणे हा न्याय नव्हे.

ह्याच सुमारास, म्हणजे ७ ऑगस्ट रोजी, सरकारचा एक निर्णय निघाला. त्याचा मतलब असा की, ज्या कुटुंबाचे घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल त्यास दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ फुकट द्यावे. हा निर्णय वाचून लोकांचा संताप झाला तो धान्य थोडे म्हणून नव्हे, तर त्या दोन दिवसांच्या अटीमुळे. ज्याच्या चुलीत पाणी शिरले त्याची चूल पहिल्याच दिवशी विझली. दुसऱ्या दिवसाची वाट पाहून त्याची भूक काही थांबून राहिली नव्हती! शिवाय काही ठिकाणी वाटलेल्या धान्याच्या पिशव्यांवर सत्ताधाऱ्यांची छायाचित्रे चिकटविलेली आढळली. धान्य जनतेच्या कराचे, पिशवी जनतेच्या कराची, आणि मुखवटा मात्र दात्याचा! पुढे गिल्ला झाल्यावर मदतीच्या रकमा वाढल्या, रोख अनुदानेही दिली गेली, हे नमूद करणे न्याय्य आहे. तथापि गिल्ला झाल्यावर जे मिळते त्यास हक्क म्हणत नाहीत. ज्या गावाचा आवाज मोठा त्याला अधिक, आणि ज्याचा आवाज मुंबईपर्यंत पोहोचत नाही त्याला काहीच नाही, अशी त्यात व्यवस्था होते.

कोणी म्हणेल की, संकटकाळी सरकारच्या चुका काढणे हे सभ्यपणाचे नव्हे. कित्येक अधिकारी, सैनिक आणि आपत्ती दलाचे जवान जिवावर उदार होऊन राबले, त्यांचे काय? त्यांस आमचा नमस्कार असो. किंबहुना त्यांच्यासाठीच हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. छातीभर पाण्यात उभे राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांस खांद्यावर घेणाऱ्या शिपायाच्या शौर्याने, त्याला तेथे दोन दिवस उशिरा धाडणाऱ्या कचेरीचा दोष धुऊन निघत नाही. शौर्य हे व्यवस्थेचे भूषण होय. व्यवस्थेच्या जागी ते बसविता येत नाही.

आता कायद्याचे पाहू. ह्या देशात संकटनिवारण हे सरकारचे लेखी कर्तव्य ठरले त्यास आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने एक कमिशन नेमले, त्याचा अहवाल १८८० साली झाला, आणि त्यातून दुष्काळाचे नियम निघाले. कलेक्टराने चिन्हे दिसताच काय करावे, कामे केव्हा काढावी, शेतसारा केव्हा तहकूब करावा, हे त्यात लिहिले होते. सरकार परके होते आणि नियम इंग्रजीत होते. म्हणून १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी आपल्या पत्रातून ते नियम मराठीत समजावून दिले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे ते घेऊन खेडोपाडी गेली. त्यांचे सांगणे एवढेच होते की, हे सरकारनेच लिहिलेले आहे. भीक मागू नका, लिहिलेले मागा. ह्या सांगण्याची सरकारास इतकी धास्ती वाटली की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. ह्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. कोणत्याही सरकारास दान मागणारा आवडतो, नियम दाखविणारा आवडत नाही.

स्वराज्य झाल्यावर ही वृत्ती पालटावयास हवी होती. २००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. देशाच्या प्राधिकरणाच्या शिरोभागी पंतप्रधान, राज्याच्या मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी, अशी जबाबदारीची उतरंड त्यात स्पष्ट लावून दिली आहे. मूळ कायद्याच्या १२ व्या कलमात निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार व स्वच्छता ह्यांचे किमान प्रमाण ठरविण्याचे, विधवा व अनाथ ह्यांची विशेष तरतूद करण्याचे, आणि जीवितहानी, घरांची पडझड व बुडालेला रोजगार ह्यांबद्दल साह्य देण्याचे सांगितले आहे. १९ व्या कलमाने राज्याच्या प्राधिकरणावर तसेच ओझे ठेवून, राज्याचे प्रमाण देशाच्या किमान प्रमाणाहून कमी असू नये असे बजाविले आहे. ह्याहून स्पष्ट भाषा कायद्यास करिता येत नाही.

परंतु कायदा पुस्तकात असणे आणि कचेरीत असणे ह्यांत अंतर असते. ह्याच कायद्यान्वये व्हावयाची राष्ट्रीय योजना २०१६ साली, म्हणजे दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. संकट येण्यापूर्वी त्याची तीव्रता कमी करण्यासाठी ४७ व्या कलमात जो निधी सांगितला आहे, तो तीन महिन्यांत उभारा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मे महिन्यात दुष्काळाच्या खटल्यात फर्माविले. प्रत्यक्षात त्याची स्थापना २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षी ३० जून रोजी करोनाने मेलेल्यांच्या वारसांच्या प्रकरणी न्यायालयाने असे ठरविले की, १२ व्या कलमातील साह्य देणे सरकारच्या मर्जीवर नाही, ते बंधनकारक आहे, आणि प्राधिकरणाने आपले कर्तव्य केलेले नाही. आमच्या वाचकांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. ज्यास मंत्री व्यासपीठावरून मेहरबानी म्हणून जाहीर करतात, त्यास देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने कर्तव्य म्हटले आहे.

असे असता २०२५ साली ह्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्याकडे लोकांचे म्हणावे तितके लक्ष गेले नाही. मूळ कायद्याच्या १३ व्या कलमात, मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांस कर्जफेडीत सवलत अगर सौम्य अटींवर नवे कर्ज देण्याची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणास होता. दुरुस्तीने ते कलमच गाळून टाकले. केरळात वायनाड येथे २०२४ च्या जुलैत दरडींखाली गावे गेली. तेथील वाचलेल्यांची कर्जे माफ करण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे असता, केंद्र सरकारने ह्याच गाळलेल्या कलमाकडे बोट दाखविले. घर गेले, माणसे गेली, जमीनही गेली. परंतु कर्जाचा हप्ता तेवढा कड्याखाली गाडला गेला नाही! ह्या गोष्टीचा जितका संबंध केरळातील मळेकऱ्याशी आहे तितकाच तो कोकणातील आंबेवाल्याशी व कृष्णाकाठच्या ऊसवाल्याशी आहे.

आणि पेठेतील दुकानदाराशी तर तो फारच आहे. आपत्ती निधीचे जे ठराविक दर आहेत त्यांत मृत्यू, घर, जनावर व पीक ह्यांचा विचार आहे. दुकानात भरलेल्या मालाचा त्यांत विचार नाही. सांगलीच्या गणपती पेठेत पोत्यांवर पोती भिजली, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ एका रात्रीत चिखलाने भरून टाकली, तेव्हा राज्य सरकारने लहान दुकानदारांस नुकसानीच्या पाऊण हिस्सा, परंतु फार तर ५०,००० रुपये, असे साह्य दिले. ज्याचा आठ लक्षांचा माल गेला त्यास पाऊण हिस्सा हा शब्द काय कामाचा, हे सांगावयास गणिती नको. आम्ही असे म्हणत नाही की सरकारने सगळ्या पेठेचा तोटा भरून द्यावा. विमा उतरणे हे व्यापाऱ्याचेही काम आहे. परंतु करवसुलीच्या वेळी ज्याच्या दुकानाची अचूक मोजदाद होते, त्याचे नाव संकटाच्या वेळी सरकारच्या कोष्टकात कोठेच नसावे, हे न्यायाचे नाही.

मोठमोठ्या रकमांच्या घोषणांनी ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा व सोलापूर भागात अतिवृष्टीने पिके वाहून गेली, कित्येक ठिकाणी शेताची मातीच खरवडून गेली, आणि ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आकडा लहान नाही, आणि त्याबद्दल सरकारास दोष देण्याचे कारण नाही. परंतु मदतीची मर्यादा दोन हेक्टर की तीन, हे दर संकटानंतर नव्याने आणि घोषणेनेच का ठरावे? पीक बुडाल्यावर किती मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि न मिळाल्यास कोणाकडे दाद मागावी, हे पेरणीपूर्वीच शेतकऱ्यास ठाऊक असले पाहिजे. केंद्राचीही तीच गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टातील पुरासाठी राज्याने ६,८१३ कोटींची मागणी केली. तिच्यावर दिल्लीतील उच्चाधिकार समितीचा निर्णय होण्यास २०२० चा जानेवारी उजाडला. पुराचे पाणी आठवड्यात ओसरते, कागद ओसरावयास मात्र पाच महिने लागतात.

येथपर्यंत आम्ही सरकारच्या वाट्याचे बोललो. आता आपल्या स्वतःच्या वाट्याचेही दोन शब्द कटु असले तरी बोलले पाहिजेत. नदीच्या कडेने पाटबंधारे खाते दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये, आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध पाळून करावे, असा नियम आहे. २०१९ च्या पुरानंतर निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने २०२० साली दिलेल्या अहवालात नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवर बोट ठेविले. ही अतिक्रमणे सरकारने एकट्याने केली काय? ओढा बुजवून गाळे काढणारा आपल्यांतलाच, त्यास परवाना मिळवून देणारा आपल्यांतलाच, आणि निवडणुकीच्या वेळी ते सर्व नियमित करून देण्याचे वचन घेणारेही आपणच. तथापि ह्यातही एक भेद आहे. नागरिक लोभाने चुकतो, आणि त्याच्या लोभास आवरण्यासाठीच परवाना देणारी कचेरी असते. त्या कचेरीनेच शिक्का मारला आणि वर घरपट्टीही घेतली, म्हणजे बुडाल्यावर “तुम्ही तेथे का राहिलात” हे विचारण्याचा अधिकार तिला उरत नाही.

नदीकाठी जे घडते तेच डोंगराच्या उतारावर घडते. फक्त तेथे वेळ कमी मिळतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गडप झाले आणि सुमारे दीडशे माणसे मेली. गाव जागेवर नाही ही वार्ता प्रथम दिली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. २०२१ साली महाड तालुक्यातील तळीये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, ही त्याच मालिकेतील पुढची नावे. इर्शाळवाडी गेल्यावर विधानसभेत सांगण्यात आले की, दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. हे उत्तर होते की कबुली? यादी करणारे कोण, ती तपासणारे कोण, आणि माळीणनंतरच्या नऊ वर्षांत ती पुरी का झाली नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे. यादीत नाव नसल्यामुळे डोंगर काही थांबला नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते सरकारने चार गोष्टी विनाविलंब कराव्या. पहिली, निळ्या व लाल रेषांचे नकाशे मराठीत, गल्लीच्या व सर्वे नंबरच्या तपशिलासह, प्रत्येक नगरपालिकेत, चावडीवर व बाजार समितीत लावावे, आणि त्या रेषेत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव परवान्यावर स्पष्ट असावे. दुसरी, धरणातून पाणी सोडण्यापूर्वी खालच्या प्रत्येक गावास किती तास आधी वर्दी मिळाली ह्याची नोंद ठेवून ती पावसाळ्यानंतर प्रसिद्ध करावी. महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांनी कोयना व अलमट्टी येथील विसर्गाचा मेळ पावसाळ्यापूर्वी घालावा; पूर आल्यावर एकमेकांच्या दाराकडे बोटे दाखवू नयेत. तिसरी, मदतीचे दर, मुदती व दाद मागण्याची जागा ह्यांचे एकच कायमचे कोष्टक करावे, आणि त्यात दुकानदार, कारागीर, भाडेकरू व शेतमजूर ह्यांस स्थान द्यावे. केंद्राने गाळलेल्या कर्जाच्या कलमाची उणीव राज्याने आपल्या नियमाने भरून काढावी. चौथी, २०२५ च्या दुरुस्तीनेच महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरण नेमण्याची जी मुभा दिली आहे, तिचा उपयोग सांगली व कोल्हापूर येथे आधी करावा. पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या रकमेचा पाचवा हिस्सा संकट येण्यापूर्वीच्या उपायांसाठी वेगळा राखावयास सांगितला. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साह्याने कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाचे कामही हाती घेतले आहे. ते स्तुत्य आहे. परंतु त्याचा जमाखर्च लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला पाहिजे.

लोकांचेही काम आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. पंचनामा झाला की त्याची प्रत घ्या. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराने मागा. व्यापारी संघांनी पावसाळ्यापूर्वी मालाच्या याद्या करून ठेवाव्या आणि जिल्हा प्राधिकरणाची योजना मागवून वाचावी. तीत आपल्या पेठेसाठी किती नावा व कोणती निवाऱ्याची जागा लिहिली आहे ते जाऊन पाहावे. लिहिलेले जागेवर नसेल तर जिल्हाधिकाऱ्यास पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद ह्या कायद्याच्या ५६ व्या कलमात आहे. परंतु ५९ व्या कलमाने खटल्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच हाती आहेत. ह्यास्तव पोच घेतलेला कागद आणि उच्च न्यायालयाचे दार, हीच नागरिकाची खरी हत्यारे होत. पूर ओसरल्यावर कढ येऊन केलेल्या दहा सभांपेक्षा मे महिन्यात शांत डोक्याने केलेली एक चौकशी अधिक माणसे वाचवील.

अस्मानीपुढे मनुष्य हात जोडतो, त्यात कमीपणा नाही. परंतु सुलतानीपुढे हात जोडण्याची सवय स्वराज्यातही सुटली नाही, तर स्वराज्य आले ते केवळ धन्याचे नाव बदलण्यापुरतेच असे म्हणावे लागेल. सरकार आपले आहे म्हणून त्याचा जाब विचारू नये असे नव्हे. सरकार आपले आहे, म्हणूनच तो विचारला पाहिजे.